नऊ नंबरचं फाटक

एकेचाळीस वर्षं मी त्या लोखंडी पिंजऱ्यात बसलो,
शनिवार दुपार, एक ते तीन.
चेहरे कमीच दिसायचे,
हात दिसायचे:
गिरणीतले हात, मग गिरणी बंद पडलेले हात,
मग त्यांच्या नातवंडांचे, च्युइंगम चिकटलेले.
नाणी घ्यायची, पायाने खटका दाबायचा,
फाटक पाव फेरा फिरायचं, खट्ट,
आणि एक माणूस थॉर्नबेकचा व्हायचा
दोन तासांपुरता.

मग लिंडक्विस्ट आला, मिनेसोटाहून.
गॅरेजची दारं विकून गबर झालेला,
हात मिळवताना दुसऱ्या हाताने कोपर धरणारा.
क्लब त्याने विकत घेतला
कर्जासकट, गळक्या छपरासकट,
आणि ज्या गोलकीपरला आम्ही चाळण म्हणायचो त्याच्यासकट.
पहिल्याच सभेत तो दोनदा सॉकर म्हणाला.
मॉरीन क्रॅबट्रीने चहाचा कप असा काही आपटला
की तिसऱ्यांदा तो नुसतं ‘हा खेळ’ म्हणाला.

आम्हीही सोडलं नाही.
बॉल हातात घेऊन पळता, डोक्यावर शिरस्त्राण,
आणि त्याला फुटबॉल म्हणता?
तो हसला. म्हणाला, आणि तुम्ही?
दोन तास थंडीत कुडकुडता, शून्य-शून्य होतं,
आणि मुकाट्याने घरी जाता?
घरी कोण जातं, मी म्हटलं.

एकदा त्याने हळूच विचारलं,
शेवटचे तीन खाली जातात म्हणजे नक्की कुठे?
खालच्या श्रेणीत.
इतके पैसे ओतले तरी?
तरी.
त्याच्या देशात म्हणे तळाला राहणाऱ्याला
पुढच्या वर्षी नवा खेळाडू पहिला निवडू देतात.
केवढा कनवाळू देश.
मला खरंच तसं वाटलं, क्षणभर.

उन्हाळ्यात फाटकं उखडली.
आता काचेच्या पट्टीसमोर मोबाइल धरायचा,
हिरवा दिवा लागतो, कुणालाही.
माझं फाटक भंगारात गेलं नाही, एवढा मान नऊ नंबरला:
भुशात निजवून, पेटीत ठोकून
समुद्रापार गेलं,
दुलूथ गावी, मालकाच्या ऑफिसात, लिफ्टशेजारी.
फोटो आला. पितळी पाटी, वर वार्निश.
माझी बसायची जागा रिकामी नव्हती,
तिथे कुंडी होती.

त्या हंगामाच्या शेवटी आम्ही खाली गेलो.
शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरली असती.
चाळणीने दोन अडवले, तिसरा सोडला.
कुणी शिट्टीही मारली नाही.
वर काचेच्या खोलीत लिंडक्विस्ट उभा होता,
गळ्यात आमचा मफलर, अक्षरं उलटी,
आणि तोंड हुबेहूब आमच्यासारखं:
आलो कुठल्या दाराने ते विसरलेल्या माणसाचं.

मे महिन्यात पत्र आलं.
मिस्टर एंटविसल, फाटक अडकलंय.
माझी नात आत शिरली, खटका बसला,
तिला वरून उचलून काढावं लागलं.
आमचे कारागीर म्हणतात बिघाड काहीच नाही,
पण फिरत नाही.
तीस वर्षं दारांचा धंदा केला,
तुम्हाला विचारायला लाज वाटते.

तीन दिवस मी पत्र घड्याळामागे खोचून ठेवलं.
चौथ्या दिवशी लिहिलं:

बिघाड नाही, साहेब. ते पहिल्यापासून तसंच आहे.
जोर लावू नका.
येणाऱ्याने डावी कंबर टेकवायची, श्वास अर्धा सोडायचा,
आणि आतून कुणीतरी पायाने दाबायचं.
त्यासाठीच तिथे माणूस बसतो.
कुंडी काढा.

बाकी, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी
आपला सामना आहे ग्रिमशॉ व्हेलमध्ये,
खालच्या श्रेणीत, बिनछपराच्या मैदानावर.
त्यांच्याकडे फाटकं अजून जुनीच आहेत.
सुटे पैसे आणा.